व्हालेरिया स्त्रानेओ: "प्लीहा काढली आणि ताकद दुप्पट झाली" हे कितपत खरं? मुलींसाठी तक्ता करायचाय

तापीकाठ (शहादा)

राम राम मंडळी. शहादा-धडगाव भागातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींचा धावण्याचा गट आहे. त्यांच्यासाठी भिंतीवर लावायला एक मोठा तक्ता करतोय: इटलीची मॅरेथॉनपटू व्हालेरिया स्त्रानेओ, तिची कारकीर्द. तिलाच निवडण्याची दोन कारणं. एक, दोन मुलं झाल्यावर, वयाच्या पस्तिशीत ती जगाच्या पहिल्या फळीत आली. दुसरं, तिला जन्मजात रक्ताचा आजार होता, आणि आपल्याकडे सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी माहीत आहे.

अडचण अशी की मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात "प्लीहा काढली आणि ताकद दुप्पट झाली" असं लिहिलेलं असतं (प्लीहा म्हणजे पोटातली पाणथरी). असं काही भिंतीवर लावलं आणि एखाद्या मुलीच्या घरी त्याचा भलताच अर्थ लागला तर काय? म्हणून विचारतो:

१. आजार नेमका कोणता आणि शस्त्रक्रियेने काय बदललं? सिकलसेलशी जोडायचं की नाही?
२. मॉस्कोला जवळजवळ सगळी शर्यत पुढे राहून ती शेवटी दुसरी आली. मुलींना हे चूक म्हणून सांगायचं की डाव म्हणून?
३. वेळा कोणत्या लिहाव्यात? २ तास २३ मिनिटं म्हणजे किती जोरात, हे आठवीतल्या मुलीला कळायला हवं.

मेहरूण_फेरी (जळगाव)

भाऊ, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, तक्त्याचा कणा तोच.

जन्म ५ एप्रिल १९७६, गाव अलेस्सांद्रिया. उत्तर इटलीत पिएमोंते प्रांतातलं, तानारो नदीच्या काठचं सपाट शहर. शस्त्रक्रिया २०१०. त्यानंतरचा क्रम असा लिहा:

बर्लिन २०११, २:२६:३३. रोम-ओस्तिया अर्धमॅरेथॉन, फेब्रुवारी २०१२, १:०७:४६. रॉटरडॅम, १५ एप्रिल २०१२, २:२३:४४, इटलीचा त्या वेळचा नवा राष्ट्रीय विक्रम. लंडन ऑलिंपिक २०१२, त्या दिवशी आठवी, २:२५:२७. मॉस्को जागतिक स्पर्धा, १० ऑगस्ट २०१३, रौप्य, २:२५:५८. न्यूयॉर्क, नोव्हेंबर २०१३, पाचवी, २:२८:२२. झ्युरिक युरोपीय स्पर्धा २०१४, रौप्य, २:२५:२७. रिओ ऑलिंपिक २०१६, तेरावी, २:२९:४४, वय ४०.

लंडन आणि झ्युरिकची वेळ सेकंदासकट सारखी दिसते, ती छपाईची चूक नाही. एक मार्ग बऱ्यापैकी सपाट होता, दुसऱ्यात दर फेरीला चढ होता. वेळ तीच. म्हणजे दोन वर्षांनी, ३८व्या वर्षी, ती झ्युरिकला कमी नाही, जास्त चांगली धावली. तक्त्यात ही एक ओळ नक्की घ्या. नुसता वेळांचा रकाना बघून ती कोणाच्या ध्यानात येत नाही.

रॉटरडॅमच्या विक्रमाला मागचा संदर्भ द्या. आधीचा विक्रम माउरा विचेकोंतेचा, व्हिएन्ना २०००, २:२३:४७. बारा वर्षं टिकलेला विक्रम अवघ्या ३ सेकंदांनी मोडला. त्याच रॉटरडॅममध्ये इथिओपियाची टिकी गेलाना २:१८:५८ मध्ये जिंकली आणि पुढे लंडनला ऑलिंपिक सुवर्णही तिनेच घेतलं. स्त्रानेओ कोणाच्या शर्यतीत होती, ते यावरून कळतं.

१:०७:४६ लिहिताना एक पुस्ती जोडा. रोम-ओस्तिया मार्ग शहरातून समुद्राकडे एका दिशेने जातो. सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त असलं की ती वेळ जागतिक विक्रमासाठी धरत नाहीत. वेळ तिचीच आणि खरी, पण गोल फिरून येणाऱ्या मार्गावरच्या वेळेशेजारी ठेवताना फरक सांगावा.

आता मुलींना कळेल असा हिशोब. २:२३:४४ म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटं २४ सेकंद. ४०० मीटरच्या ट्रॅकवर एक फेरी ८२ सेकंदांत, अशा साडेएकशेपाच फेऱ्या. शाळेचं मैदान २०० मीटरचं असेल तर फेरी ४१ सेकंदांत आणि फेऱ्या २११. सर्वात सोपं म्हणजे १०० मीटर साधारण साडेवीस सेकंदांत. हे प्रत्येक मुलीला पळून बघता येतं. आधी एक १०० मीटर पळू द्या, सगळ्यांना जमेल. मग तोच वेग धरून ४०० मीटर. त्यातल्या दोघी-तिघी टिकतील. मग सांगा, असं ४२२ वेळा.

आपल्या देशाची तुलना हवी तर ओ. पी. जैशाची बीजिंग जागतिक स्पर्धेतली २०१५ची वेळ घ्या: २:३४:४३, त्या दिवशीचा नवा राष्ट्रीय विक्रम. किलोमीटरला ३:४०, फेरीला ८८ सेकंद. स्त्रानेओच्या ८२शी फरक फेरीमागे फक्त ६ सेकंदांचा. तोच ४२ किलोमीटरला ११ मिनिटांवर जातो.

रक्तपेढी_नंदुरबार

पहिला प्रश्न. यात घाई नको.

आजाराचं नाव वंशागत स्फेरोसायटोसिस. तांबडी पेशी एरवी मधे दबलेल्या चकतीसारखी असते, म्हणून ती वाकते, दुमडते आणि अरुंद फटीतून निघून जाते. या आजारात पेशीच्या आवरणाला आतून धरून ठेवणाऱ्या प्रथिनांत (स्पेक्ट्रिन, अँकिरिन वगैरे) जन्मजात दोष असतो. आवरण थोडं थोडं झडतं आणि पेशी गोळ्यासारखी गोल, ताठ होते. प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, फटी फार अरुंद असतात. तिथे या गोल पेशी अडकतात आणि मारल्या जातात. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही त्याच्या बरीच आधी संपते. परिणाम: हिमोग्लोबिन कमी, डोळ्यांत पिवळसरपणा, पित्ताशयात खडे, आणि फुगलेली प्लीहा.

प्लीहा काढली की पेशी गोलच राहतात, आवरणातला दोष जात नाही. फक्त त्यांना मारणारी जागा राहत नाही, म्हणून त्या जास्त दिवस जगतात आणि हिमोग्लोबिन वर येतं. बदल एवढाच. १ ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. समजा (हा तिचा आकडा नाही, नुसतं उदाहरण) एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन ९ आहे. तिच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण १२ मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. १३ झालं की साडेसतरा. धावणाऱ्यासाठी हा जमीन-अस्मानाचा फरक, पण १३ म्हणजे इतर निरोगी स्पर्धकांइतकंच. तिला जास्तीचं काही मिळालं नाही, तूट तेवढी भरून निघाली. अनेक वर्षं अपुऱ्या रक्तावर केलेला सराव पायांत होताच, तो २०११ पासून दिसायला लागला. तक्त्यावर "ताकद दुप्पट" अजिबात लिहू नका. "रक्त नेहमीच्या पातळीला आलं आणि आधीची मेहनत उघडी पडली" असं लिहा.

प्लीहा नसण्याची किंमतही लिहा. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिमोफिलस या जंतूंविरुद्ध प्लीहा मोठं काम करते. म्हणून ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी या लसी देतात. पुढे आयुष्यभर ताप आला की घरी थांबायचं नसतं, काही तासांतही प्रकृती ढासळू शकते. मलेरियाही अशा माणसाला जड जातो, आणि आपल्या डोंगरपट्ट्यात हे विसरून चालत नाही.

सिकलसेल वेगळा. तिथे दोष आवरणात नसून हिमोग्लोबिनमध्येच आहे. ऑक्सिजन कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते, रक्तवाहिनीत अडकते आणि प्रचंड वेदना होतात. अनेक रुग्णांत प्लीहा लहानपणीच निकामी होऊन आक्रसते, भारतातल्या बऱ्याच रुग्णांत ती मोठी राहते. पण प्लीहा काढणं हा सिकलसेलवरचा इलाज नव्हे. काही ठरावीक गुंतागुंतीतच डॉक्टर तो निर्णय घेतात. म्हणून तक्त्यावर दोन्ही आजार एका चौकटीत घालू नका. खाली वेगळी ओळ द्या: "आपल्या भागात सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, प्रत्येकीने एकदा करून घ्यावी."

गटासाठी तपासणीचा क्रम सांगतो. आधी संपूर्ण रक्तगणना आणि काचपट्टीवरची रक्ताची तपासणी. सोबत सिकलसेलची विद्राव्यता चाचणी. ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी) हवीच, कारण पहिल्या चाचणीवरून मुलगी नुसती वाहक (दोष अंगात, पण आजार नाही) आहे की रुग्ण, हे कळत नाही. हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर फेरिटिन करा. ते ३० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे लोहाचा साठा रिकामा होत आलाय. फेरिटिन व्यवस्थित, तरी हिमोग्लोबिन कमी, एमसीएचसी (पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी) ३६च्या वर, रेटिक्युलोसाइट (नव्याने तयार झालेल्या तांबड्या पेशी) वाढलेले, डोळे पिवळसर असं चित्र दिसलं, तर स्फेरोसायटोसिससारख्या पेशी फुटण्याच्या आजाराचा विचार होतो. अशा मुलीला महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या दिल्या तर फायदा शून्य, उलट शरीरात लोह साठत जातं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: थकवा दिसला की सरसकट लोह.

रक्त द्यायला लांब पल्ल्याच्या किंवा कडक सरावाच्या दुसऱ्या दिवशी पाठवू नका. नियमित धावणाऱ्यांत रक्तातलं पाणी वाढतं, त्याने हिमोग्लोबिन जरा पातळ दिसतं. आदला दिवस विश्रांतीचा ठेवा, सकाळी पाठवा. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तर चहासोबत नकोत. आधी-नंतर तासभर चहा बंद, सोबत लिंबू किंवा आवळा. दोन-तीन महिन्यांनी परत तपासा.

लळिंगचा_चढ (धुळे)

मॉस्कोबद्दल. तो डाव होता, आणि तिच्यासाठी सगळ्यात योग्य डाव होता.

शर्यत दुपारी २ वाजता सुटली, पारा २५च्या वर, सावली कमी. अशा हवेत बहुतेक जणी सुरुवात हळू करतात, घोळका करून राहतात, आणि शर्यत शेवटच्या ५-७ किलोमीटरमध्ये ठरते. शेवटी वेग बदलायची ताकद ज्यांच्यात असते त्यांना हे सोयीचं. केनियाची एडना किप्लागात तशीच, २०११च्या दायगू जागतिक स्पर्धेची विजेती. स्त्रानेओचं बळ वेगळं: एकच गती धरून बसणं. ती घोळक्यात राहिली असती तर ३५ किलोमीटरनंतर तिच्यासारख्या आणखी पाच-सहा जणी ताज्या पायांनी सोबत असत्या. तिने सुरुवातीपासून पुढे राहून गती पक्की ठेवली आणि मागचा घोळका झडत गेला. शेवटी दोघीच उरल्या. ४० किलोमीटरच्या सुमारास किप्लागात पुढे निघाली आणि १४ सेकंदांनी जिंकली. त्या वेगाने १४ सेकंद म्हणजे जेमतेम ६५-७० मीटर.

तिसरी आलेल्या जपानच्या कायोको फुकुशीची वेळ २:२७:४५, म्हणजे स्त्रानेओपेक्षा पावणेदोन मिनिटं मागे. तक्त्यावर हे अंतर काढूनच दाखवा. १४ सेकंदांनी सुवर्ण गेलं खरं, पण त्याच डावाने बाकी सगळ्या जणींना सुवर्ण-रौप्याच्या शर्यतीतून बाहेर काढलं. इटलीचीच एम्मा क्वाल्या त्या दिवशी सहावी आली.

पुढे राहण्याची किंमत मात्र असते. मागची धावपटू वाऱ्याच्या आडोशाने पळते, आणि गती ठरवायचं डोक्यावरचं ओझंही तिच्यावर नसतं. स्त्रानेओचा वेग ताशी १७ किलोमीटरच्या वर होता, त्या वेगाला वारा जाणवतो. किप्लागातने ते ओझं स्त्रानेओवर टाकलं आणि शेवटचे २ किलोमीटर वापरून घेतले. झ्युरिकलाही साधारण हेच झालं: फ्रान्सची क्रिस्तेल दोने २:२५:१४, स्त्रानेओ १३ सेकंद मागे. न्यूयॉर्कला २०१३ मध्ये याच दोने चौथी आणि स्त्रानेओ पाचवी, फरक ८ सेकंदांचा. तीन शर्यती आणि शेवटच्या टप्प्यातलं एकच दुबळेपण. मुलींना हे लपवू नका. कोणत्या डावात आपण पक्क्या आणि कुठे उघड्या पडतो, हे त्यांना कळायला हवं.

तापीकाठ (शहादा)

मंडळी, फार उपयोग झाला. "ताकद दुप्पट" खोडलं. लळिंग भाऊ, गती धरून ठेवणं मुलींना शिकवायचं कसं? आमच्याकडे १० किलोमीटर ४२ मिनिटांत जाणाऱ्या चौघी आहेत, पण पहिला किलोमीटर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. आणि तोरणमाळला नेऊन उंचीवरचा सराव होईल का?

लळिंगचा_चढ (धुळे)

४२ मिनिटं म्हणजे किलोमीटरला ४:१२. चौघींना ८ वेळा १ किलोमीटर द्या, प्रत्येक ४:१५ मध्ये, मधे ९० सेकंद हळू जॉगिंग. दर किलोमीटरला पुढे राहणारी बदलायची. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला दोनदा पुढारपण येतं. पुढारीण सोडून कोणाच्या हातात घड्याळ नको, आणि तिनेही ते फक्त ५०० मीटरला बघायचं. २०० मीटरच्या मैदानावर दर ५१ सेकंदांनी शिट्टी वाजवा. शिट्टीच्या वेळी पुढारीण खुणेजवळ असली पाहिजे, ५ मीटर इकडे-तिकडे चालेल.

चुकतं ते असं: पहिला किलोमीटर ४:०२ मध्ये जातो, कोणालाच त्रास वाटत नाही, पाचव्यापासून ४:२५. त्यामुळे पहिला ४:१५ पेक्षा लवकर आला तर तो मोजायचाच नाही, परत पळवायचा. दोन-तीन आठवड्यांत सवय लागते. नंतर विश्रांती ९० वरून ६० सेकंदांवर आणा, गती वाढवू नका. आणि स्त्रानेओची उणीव मुलींत राहू नये म्हणून शेवटी ४ वेळा २०० मीटर, ४२-४३ सेकंदांत, थकलेल्या पायांनी. हे आठवड्यातून एकदाच. झ्युरिकसारख्या चढाच्या मार्गासाठी ६० ते ९० सेकंदांचा चढ ६-८ वेळा, उतरताना चालत. लळिंग घाटात किंवा कुठल्याही महामार्गाच्या कडेला मात्र नाही, ट्रकची वर्दळ फार. शेतरस्ता किंवा धरणाचा बांध बघा.

तोरणमाळची उंची ११०० मीटरच्या आसपास. रक्तात फरक पडायला साधारण १८०० मीटरच्या वर, तेही तीन आठवडे राहावं लागतं. तेव्हा त्या आशेने जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये खाली शहादा तापलेलं असताना वर गार हवा आणि चढ मिळतो, त्यासाठी जरूर जा.

रक्तपेढी_नंदुरबार

यात एक भर. गटात सिकलसेलच्या वाहक मुली असतील तर त्यांना बाजूला बसवायचं कारण नाही, त्या धावू शकतात. पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, एकदम जीव तोडून पळवलेल्या फेऱ्या त्यांना धोक्याच्या. नवीन ठिकाणी किंवा मोठ्या सुटीनंतर पहिला आठवडा हलका ठेवा. पायात गोळा आला तर स्नायू दगडासारखा कडक लागतो आणि मुलगी ओरडते. सिकलच्या त्रासात स्नायू हाताला मऊच लागतो, पण पाय गळून जातात आणि मुलगी गप्प खाली बसते. अशी बसली की "ऊठ, पळ" म्हणायचं नाही. सावली, पाणी, आणि लगेच दवाखाना. सिकलसेलच्या रुग्ण मुलींचा सराव मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

मे महिन्यात आपल्याकडे पहाटेच पारा २७-२८ असतो, म्हणजे मॉस्कोची दुपार. साडेपाचला सुरू, सातच्या आत बंद. सरावाआधी आणि नंतर वजन करा. ५० किलोच्या मुलीचं १ किलोपेक्षा जास्त उतरलं तर पाणी कमी पडतंय. तासाभराच्या वर पळायचं असेल तर ओआरएसचं १ लिटरचं पाकीट १ लिटर पाण्यातच, अर्ध्या लिटरमध्ये नाही. पाकीट नसेल तर १ लिटरला सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने.

दादरची_भाकर (अमळनेर)

तक्त्यात कोपऱ्यात जागा असेल तर इटलीच्याच आधीच्या मॅरेथॉनपटूही घ्या. एक ऑर्नेला फेर्रारा. १९९५, गोथेनबर्गची जागतिक स्पर्धा, कांस्य, २:३०:११. पण त्या शर्यतीत महिलांना स्टेडियममध्ये एक फेरी कमी पळवून बाहेर सोडलं गेलं, म्हणून अंतर ४०० मीटर कमी भरलं. पदकं कायम राहिली, वेळा मात्र मॅरेथॉनच्या म्हणून धरत नाहीत. तेव्हा तिच्या नावापुढे फक्त पदक लिहा. फ्रांका फियाक्कोनीही हवी: १९९८ची न्यूयॉर्क विजेती, २:२५:१७. आणि मारिया गुइदा, २००२ म्युनिकची युरोपीय विजेती.

तालुक्याच्या स्पर्धेत २०० मीटरच्या मैदानावर ५००० किंवा १०००० मीटर लावतात तिथेही फेरी मोजण्यातच घोळ होतो. १०००० म्हणजे ५० फेऱ्या. प्रत्येक धावपटूमागे एक मोजणारी बसवा, दर फेरीला घड्याळाची वेळ लिहायला सांगा, नुसत्या उभ्या रेघा मारू नका. वेळ लिहिलेली असली की फेरी सुटली तर दोन वेळांमधला फरक दुप्पट दिसतो आणि वाद तिथल्या तिथे मिटतो.

तापीकाठ (शहादा)

फेर्रारा घेतली, वेळेविना. तक्त्याची मांडणी अशी ठरली: वर स्त्रानेओच्या आठ शर्यती, मधे मॉस्कोचं १४ सेकंद आणि पावणेदोन मिनिटांचं अंतर एकाच मापाने काढलेलं, खाली रक्ताची चौकट आणि त्याखाली वेगळ्या रंगात सिकलसेल तपासणीची ओळ. मैदानावर चुन्याने १०० मीटर आखून साडेवीस सेकंदांची पाटी लावतोय.

मेहरूण_फेरी (जळगाव)

मॉस्कोची अंतरं सेकंदांत न काढता मीटरमध्ये काढा. १४ सेकंद म्हणजे ६७ मीटर धरा, १०७ सेकंद म्हणजे ५१५ मीटर. १ सेंटिमीटरला १० मीटर घेतलं तर ५९ सेंटिमीटरच्या पट्टीत तिघीही बसतात.